सांध्यात पाणी नाही म्हणून पू नाही?

मामांना बरीच वर्षं मधुमेह आहे. पायाच्या अंगठ्याच्या तळाशी जखम, बोट लालभडक. अशात मामींनी मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मग आता दवाखान्यात जायला नको ना?’ ‘पायाचा एमआरआय स्वतः वाचा’ असा त्याचा मथळा. आत चार सूत्रं: सांध्यात पाणी नसेल तर संसर्ग नाही; रिपोर्टमध्ये ‘मॅरो एडिमा’ (हाडाच्या मज्जेतली सूज) म्हणजे हाड सडलं, बोट जाणार; ताप नाही, दुखत नाही, तर गरम पाण्यात पाय शेका; आणि एमआरआय म्हणजे पैसे उकळायचा धंदा, वर रेडिएशन.

जायला हवं मामी, आजच.

पाण्याचं सूत्र सगळ्यात खुळचट. बोटांचे सांधे एवढेसे, त्यात पाणी साठणार किती? शिवाय जखम सांध्यापर्यंत पोचली असेल तर पू तिथूनच बाहेर झिरपतो. ‘अमेरिकन जर्नल ऑफ रोएंटजेनॉलॉजी’मध्ये 2004 साली संसर्ग झालेल्या सांध्यांच्या एमआरआयचा अभ्यास आला. गॅडोलिनियम (एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट औषध) दिल्यावर सांध्याचं अस्तर चमकलं 98 टक्के ठिकाणी, अस्तराभोवती सूज 84 टक्के, पाणी मात्र 70 टक्केच. म्हणजे संसर्ग असलेल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यात पाणी नव्हतंच, आणि ते मुख्यतः हातापायाच्या लहान सांध्यांत. उलट नुसतं पाणी गाउटमध्येही (युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या संधिवातात) दिसतं. शंका असेल तर सुईने नमुना काढून कल्चरला पाठवतात. रिपोर्टमधल्या एका शब्दावर कुणी निकाल लावत नाही.

एडिमाचंही तेच. एमआरआयच्या ‘स्टर’ (STIR) प्रकारच्या प्रतिमेत हाड पांढरं दिसलं म्हणजे तिथे सूज आहे, एवढंच. शेजारच्या जखमेमुळेही ती येते आणि शार्को पायातही, म्हणजे संवेदना गेलेल्या पायाची हाडं-सांधे संसर्गाशिवायच खिळखिळे होतात त्या आजारात. ‘टी-वन’ या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिमेत मज्जेतली चरबी पांढरी दिसायला हवी. ती सलग काळी पडली असेल तर हाडाच्या संसर्गाचा संशय बळावतो. मग जागा बघायची. शार्को बहुधा पायाच्या मधल्या भागात, एकाच वेळी अनेक सांध्यांत, आणि वरची कातडी बऱ्याचदा शाबूत. संसर्ग बहुतेक वेळा जखमेतूनच आत उतरतो: बोटं, त्यांच्या मुळाशी असलेली हाडांची टोकं, टाच. दोन्ही एकत्र असू शकतात, तेव्हा आम्हा डॉक्टरांचीही तारांबळ उडते. आणि हाडात संसर्ग ठरला तरी प्रत्येकाचं बोट कापत नाहीत. काहींना काही आठवडे अँटिबायोटिक देऊन भागतं.

गरम पाण्याचा सल्ला देणाऱ्याला मात्र समोर बसवून जाब विचारावासा वाटतो. मधुमेहात पायाची संवेदना जाते, म्हणूनच दुखत नाही! हाडापर्यंत संसर्ग जाऊनही ताप नसलेले रुग्ण काही दुर्मिळ नाहीत. अशा पायाला पाणी किती कढत आहे ते कळत नाही, आणि आधीच्या जखमेवर भाजल्याची जखम होते.

पैशांबद्दल थोडं खरं आहे, कबूल. मधुमेही पायाच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आधी बोथट सळई जखमेत घालून हाड लागतं का ते पाहायचं, साधा एक्स-रे काढायचा, ईएसआर किंवा सीआरपी ही सूज दाखवणारी रक्ततपासणी करायची; तरी शंका उरली तरच एमआरआय. पण पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, म्हणून त्यावर निश्चिंत होऊ नये. रेडिएशनचं म्हणाल तर एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच.

मामी, जाताना मामांचे जुने एक्स-रे आणि किडनीचा रिपोर्ट बरोबर घ्या. गॅडोलिनियम द्यायचं ठरलं तर तो आधी बघावा लागतो.