दर महिन्याला एक मॅरेथॉन? या सल्ल्याला उत्तर

मॅरेथॉनचा हंगाम तोंडावर आला की पळणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरू लागतो: दर महिन्याला एक, अशा वर्षात बारा पूर्ण मॅरेथॉन पळा, चार दिवसांत पाय मोकळे होतात, स्पर्धा हाच सराव असतो, शरीराला सवय होते, आणि जपानचा धावपटू युकी कावाऊची असाच पळत पळत बोस्टन मॅरेथॉन जिंकला. नोकरी-संसार सांभाळून पळणाऱ्या हौशी धावपटूला यातला एकही मुद्दा लागू पडत नाही. तरीही तो ऐकून मेहनती माणसे गुडघा किंवा टाच धरून महिनोन्‌महिने घरी बसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पाय चार दिवसांत मोकळे होतात, हे वरवर खरे आहे. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून आडवे पाऊल टाकावे लागते, मांड्या वाकायला तयार नसतात, आणि आठवडा संपेपर्यंत तोच माणूस सहज चालू लागतो. परंतु दुखणे थांबणे आणि झीज भरून निघणे या वेगळ्या गोष्टी आहेत. 42.195 किलोमीटरमध्ये स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि रक्तातले क्रिएटिन कायनेज, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारे विकर, कित्येक दिवस चढलेले राहते. स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारे दोर, टेंडन) तर स्नायूंपेक्षाही सावकाश सावरतात, आणि तिथली कुरकुर बहुधा पुढच्या जोरकस पळण्यातच कळते. न्यूझीलंडचे जॅक फॉस्टर यांनी 1974च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, 2:11:18 अशी वेळ देऊन रौप्यपदक मिळवले. स्पर्धेतल्या प्रत्येक मैलामागे एक दिवस हलके पळावे, हा नियम त्यांच्याच नावावर सांगितला जातो. मॅरेथॉनसाठी त्याचे सव्वीस दिवस होतात.

स्पर्धा हाच सराव, हा मुद्दा तर साध्या हिशेबातच कोसळतो. दोन स्पर्धांमध्ये चार आठवडे असतील, तर पहिले दोन-तीन सावरण्यात जातात आणि शेवटचा टेपरमध्ये, म्हणजे स्पर्धेआधी पळणे कमी करण्यात. मग टेंपो (सलग जोरकस पळणे), इंटरव्हल (मध्ये उसंत घेत वेगाने पळणे), चढणीचा सराव आणि हळूहळू वाढवत नेलेले लाँग रन (सरावातले लांब पल्ल्याचे पळणे) करायचे कधी? अशा वर्षात माणूस बारा वेळा मॅरेथॉन पुरी करतो, पण एकदाही तिची तयारी करत नाही. लाँग रन बत्तीस किलोमीटरचा असतोच, मग बेचाळीसने काय बिघडते, असेही विचारले जाते. बिघडते ते या शेवटच्या दहांतच. शरीरातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तळाला जातो, पावलांची ठेवण बिघडते आणि थकलेल्या स्नायूंचा भार सांध्यांवर येतो. लाँग रन त्या उंबरठ्यावर थांबवतात, ते याच कारणासाठी.

कावाऊचीचे उदाहरण खरे आहे. 2018 साली थंडगार पावसात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात त्याने 2:15:58 या वेळेत बोस्टन जिंकली, आणि तो वर्षाला भरपूर मॅरेथॉन पळायचा. पण तो लहानपणापासून पळत आलेला, अडीच तासांच्या आत सहज संपवणारा धावपटू आहे. आपल्याकडचा हौशी माणूस तेच अंतर साडेचार-पाच तास, बहुतेकदा दमट हवेत, पायाखाली घेतो. शिवाय उदाहरणच हवे, तर केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे याचे का नको? 2022 साली तो मार्चमध्ये टोकियो आणि सप्टेंबरमध्ये बर्लिन पळाला, आणि बर्लिनला 2:01:09 असा तेव्हाचा विश्वविक्रम केला. ज्याचे पूर्ण आयुष्य पळण्याभोवती बेतलेले, त्याने वर्षाला दोनच निवडल्या.

सवयीबद्दल एवढेच सांगतो की सवय बहुधा दुखणे अंगावर काढण्याची होते. स्पर्धेआधी वेदनाशामक गोळी घेऊन उभे राहणे हे तिचे सर्वांत घातक रूप आहे, कारण शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

माझ्या मते वर्षाला दोन पूर्ण मॅरेथॉन पुरे, आणि पहिल्या वर्षी एकच. महाराष्ट्रातल्या धावपटूला हे सहज जमवता येते. ऑगस्टअखेरीस हैदराबाद आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई धरली, तर मध्ये सुमारे वीस आठवडे मिळतात: चार सावरायला, सोळा तयारीला. डिसेंबरात पुण्याला अर्ध मॅरेथॉन सरावाच्या वेगाने पळता येते. मुंबईनंतर फेब्रुवारीचा मध्य उजाडेपर्यंत हलकेच पळावे, आणि उन्हाळ्यात पहाटेच्या सावकाश पळण्यावर पाया पक्का करावा. मात्र हैदराबादची पूर्ण पळालात, तर त्या वर्षी साताऱ्याची हिल हाफ, म्हणजे घाटातली अर्ध मॅरेथॉन, सोडा, मोह कितीही झाला तरी. ती तारीख हैदराबादपासून आठवड्या-तीन आठवड्यांवर येते, आणि तिच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट चढताना नव्हे, तर परतीच्या उतारावर मांड्यांची खरी परीक्षा घेतो.