तीन साक्षीदार आणि एक आत्या

साधं लग्न करायचं म्हटलं की घरातले आधी खूश होतात, खर्च वाचला म्हणून. मग हळूहळू एकेकाच्या लक्षात येतं की अरे, यात आपल्याला काही कामच नाहीये, आणि तिथून सगळं फिस्कटायला लागतं.

बाबांची कल्पना अशी की रजिस्टर लग्न म्हणजे सकाळी जायचं, सही ठोकायची, दुपारी पेढे. त्यांना महापालिकेतली नोंदणी माहीत होती, पण तिथे आधीच लागलेल्या लग्नाची नोंद होते, पत्रिका द्या, गुरुजींची सही आणा वगैरे. आम्हाला लग्नच कचेरीत लावायचं होतं. त्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा, त्यात आधी नोटीस द्यायची, ती बोर्डावर लागते, 30 दिवस थांबायचं, कोणाची हरकत आली नाही तर लग्न, आणि हे सगळं नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत उरकलं नाही तर परत पहिल्यापासून सुरू. बाबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे महिनाभर बोर्डावर लटकणार तुम्ही? हरवलेल्या मुलांसारखे?"

बाबा रिटायर्ड आहेत, त्यांनी कायदाच डाउनलोड केला. हरकत कशावर घेता येते तर आधीचा नवरा किंवा बायको हयात असेल, संमती देण्याइतकी मनःस्थिती नसेल, वय बसत नसेल, म्हणजे मुलगा 21 आणि मुलगी 18 च्या आत असेल, किंवा नातं निषिद्ध असेल तर. बस. एवढंच. मुलगी सावळी आहे, मुलगा नागपूरचा आहे, त्यांच्याकडे फार तिखट खातात, मुलीचा पगार जास्त आहे, यातलं काहीही चालत नाही, अधिकारी ऐकूनसुद्धा घेणार नाही. आमच्या घरातल्या निम्म्या लोकांची तिथेच निराशा झाली. मग बाबांना मागे जोडलेली निषिद्ध नात्यांची यादी सापडली, मुलासाठी 37 नाती आणि मुलीसाठी 37, आणि त्यातलं मुलाच्या यादीतलं सदतिसावं वाचून ते जे हसत सुटले! मामाची मुलगी. ज्या महाराष्ट्रात मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगत पिढ्या गेल्या तिथे हे! पुढे रूढी असेल तर सूट आहे असं लिहिलंय, पण ते बाबांनी चार दिवस कोणाला सांगितलंच नाही, भेटेल त्याला नुसती यादी वाचून दाखवत होते.

आता नोटीस. मी पुण्याची, तो नागपूरचा पण पुण्यात भाड्याने राहतो. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात 30 दिवस राहिलेला असला की पुरतं, सो तो प्रश्न नव्हता. पण त्याचा कायमचा पत्ता नागपूरचा, आणि कायदा म्हणतो की अशा वेळी नोटिशीची एक प्रत तिकडच्या अधिकाऱ्याला जाते आणि तिकडच्या बोर्डावरही लागते. आमचं असं ठरलेलं की नागपूरच्या लांबच्या मंडळींना नंतर निवांत सांगायचं. सरकारी कचेरीतला बोर्ड कोण वाचतं हो? तर याच्या चुलत काकूंचे भाऊ वाचतात. ते फ्लॅटच्या कामाला गेले होते, सर्व्हर डाऊन होता, बसल्याबसल्या काय करणार, त्यांनी अख्खा बोर्ड वाचून काढला आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्या संध्याकाळी सासूबाईंचा फोन खाली ठेवला जात नव्हता. कोणाचीच हरकत नव्हती, सगळ्यांचा एकच प्रश्न होता, जेवण कुठे आहे.

मुहूर्ताचं वेगळंच. आजी म्हणाली, रजिस्टरला कसला आलाय मुहूर्त, आणि लगेच पंचांग काढून बसली. तिने शोधून शोधून जो उत्तम मुहूर्त काढला तो रविवारी. राज्य सरकारी कचेऱ्यांना 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, शनिवार-रविवार बंद, हे आजीला पटेचना. "सरकारला सांग की मुहूर्त आहे." मग दुसरा काढला, मंगळवार सकाळी अकरा सत्तेचाळीस. इकडे आमची अपॉइंटमेंट साडेदहाची. म्हटलं काळजी करू नकोस आजी, साडेदहाची अपॉइंटमेंट म्हणजे अकरा सत्तेचाळीसला आत घेतलं तरी लवकर म्हणायचं.

पण खरं रण पेटलं ते साक्षीदारांवरून. कायद्याला तीन लागतात. पाच नाही, सात नाही, तीन. पारंपरिक लग्नात कसं, प्रत्येकाला काहीतरी आहे, मामा पाठीशी उभा राहतो, करवली मिरवते, कोणी कान पिळतं, बाकीच्यांना रुसायला तरी पुरेसा वेळ मिळतो. इथे सगळं मानपान तीन सह्यांत कोंबायचं. मामाची एक पक्की, ती नाकारायची कोणाची हिंमत नाही. नागपूरच्या मोठ्या काकांची एक. तिसरी माझी रूममेट, कारण फॉर्म भरण्यापासून झेरॉक्सपर्यंत सगळं तिनेच केलं होतं आणि खरं सांगायचं तर तो नवरा मला पसंत आहे की नाही हे माझ्या आधी तिला कळलं होतं. हे आत्याला समजलं आणि ती फोनवर फक्त "बरं" म्हणाली. आमच्या आत्याचं नुसतं "बरं" ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

लग्नाच्या दिवशी आत्या नऊ वाजताच हजर, पैठणी नेसून, हातात प्लास्टिकची फाईल. फाईलमध्ये तिचं ओरिजिनल आधार, त्याच्या दोन झेरॉक्स सही करून आणि पासपोर्ट साईझ फोटो. "मी काही म्हणत नाहीये. ऐनवेळी कोणाला चक्कर आली तर असावं." आणि हे म्हणताना ती माझ्या रूममेटकडे बघत होती.

तिथला खरा पुरोहित म्हणजे शिपाई. "नवरा-नवरी आत, साक्षीदार आत, बाकीचे बाहेर. अक्षता टाकायच्या नाहीत, झाडायला माणूस नाही." आजीने मूठ मिटली ती मिटलीच. मग अंगठा. बहिणींनी आदल्या रात्री हौसेने मेंदी काढलेली, बोटांच्या टोकांपर्यंत गच्च, आणि मशीन माझा अंगठा काही घेईना. ओल्या फडक्याने पुसला, नाही. दुसरा लावला, नाही. शिपाई म्हणाला, केसांवरून फिरवा मॅडम, तेल लागू द्या. मी केस धुऊन, ड्रायर मारून आलेले, तेल कुठलं! शेवटी मामा पुढे आला, चप्प तेल लावलेलं डोकं खाली वाकवलं आणि मी भर कचेरीत मामाच्या टकलाच्या कडेने अंगठा घासला. टुंग. हिरवा दिवा. मामा पाठीशी उभा राहतो म्हणतात ते आमच्याकडे असं झालं.

यानंतर कायद्याने एकच वाक्य बोलायचं असतं, दोघांना समजेल त्या भाषेत, की मी तुझा कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकार करतो, तसंच तिने पती म्हणून. अधिकारी बाईंनी छापील कागद समोर धरला. नवरोबा घामाघूम, वाचून झालं आणि वर स्वतःहून म्हणाला, "करतो ना बाप्पा." बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "जेवढं लिहिलंय तेवढंच म्हणा." परत म्हणवून घेतलं. सह्या झाल्या तेव्हा बारा वाजून गेले होते, अकरा सत्तेचाळीसला आम्ही नेमके काय करत होतो ते आजीने विचारलं, तर बाबांनी बेधडक सांगितलं, "सही." अंगठा घासत होते मी.

बाहेर आलो तर आमच्या मागचं जोडपं रडकुंडीला आलेलं. मुलगा-मुलगी आणि दोनच मित्र, तिसरा चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेला, शिपाई म्हणतोय नंबर गेला तर जेवणाच्या सुट्टीनंतर या. मी काही बोलायच्या आत आत्याने पदर खोचला, फाईल उघडली आणि त्या मुलीला विचारलं, "नाव काय बाळा तुझं? आईवडील नाही आले? असू दे, मी आहे." ओळख ना पाळख, आधार समोर ठेवलं आणि आतसुद्धा गेली. मागून आजी, ती मूठ तशीच मिटलेली.

हॉटेलमध्ये आमची पंगत बसली तेव्हा आत्या नव्हती. फोन केला तर म्हणाली, तुम्ही जेवून घ्या, हे लोक मला सोडतच नाहीयेत.