नाव घे ना गं!

'आठवत नाही' एवढं म्हणायचा अवकाश, मुंबईत कुणीतरी पिशवीतून बदाम काढतंच. आमच्या लोकलच्या लेडीज डब्यातल्या काकू तर रात्री भिजवून, सकाळी सालं काढून आणतात. बदाम झाले, ब्राह्मी झाली, शंखपुष्पी झाली, डाव्या हाताने दात घासून झाले. बदामाने वजन तेवढं वाढलं. केसांना डाय लावून किती वेळ झाला हे अजूनही आठवत नाही आणि त्याचे परिणाम माझ्या डोक्यावर सगळ्या डब्याला दिसतात.

पन्नाशी जवळ आली की बाईच्या बोलण्यातून आधी वस्तूंची नावं गळतात. "अरे, त्या ह्याच्यावरचं ते हे काढून दे ना," असं मी मुलाला सांगते आणि तो निमूटपणे माळ्यावरचं इडलीपात्र काढून देतो. या मुलाला पुढेमागे कुठल्याही सरकारी खात्यात नोकरी मिळावी, इतकी त्याची तयारी झाली आहे.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी बदाम बंद करायला सांगितले नाहीत, पण कारण वेगळंच सांगितलं. मेंदूत दोन्ही बाजूंना, आतल्या अंगाला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी पक्क्या करण्याचं काम तिथे चालतं आणि तिथल्या पेशींचं इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी सख्य असतं. उंदरांच्या माद्यांमध्ये चार-पाच दिवसांच्या चक्रात या पेशींवरचे बारीक काटे वाढतात आणि झडतात, हे १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं. या काट्यांवरच एका पेशीचा निरोप दुसरीला पोचतो. आमच्या वयात इस्ट्रोजेन आज आहे, उद्या नाही, परवा दुप्पट, असं वागतं. त्यात रात्री दोनला घामाने जाग आली की झोपेचंही खोबरं. दोन हजारांहून अधिक बायकांना वर्षानुवर्षं तपासणाऱ्या अमेरिकेतल्या 'स्वान' अभ्यासात २००९ मध्ये असं आढळलं, की पाळी थांबण्याआधीच्या या मधल्या काळात शिकण्याचा वेग मंदावतो आणि पाळी कायमची थांबल्यावर तो परत येतो. "तेव्हा जरा धीर धरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचं बरोबर आहे. पण धीर धरायच्या आधी मला मुलुंडहून सव्वाआठची फास्ट धरायची असते.

इथे कॉर्टिसॉलची, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाची एन्ट्री होते. ताण आला की मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी कामाला लागतात. अॅड्रिनलिन काही सेकंदांत हजर होतं, छाती धडधडते, त्या जोरावर आपण चालू गाडीकडे धावतो (धावू नये, तशी घोषणाही असते). कॉर्टिसॉलचा कारभार सावकाश. रक्तात ते कळसाला पोचायला वीस-तीस मिनिटं घेतं. आणि पोचतं कुठे? मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवन यांनी १९६८ मध्ये उंदरांत पाहिलं, तर हे ताणाचं संप्रेरक नेमकं हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन बसत होतं. म्हणजे ज्या खोलीतून इस्ट्रोजेन सामान हलवतंय, त्याच खोलीत कॉर्टिसॉल बिनपागडी, बिनडिपॉझिट राहायला येतं. मुंबईत अशी सोय माणसांना मिळत नाही.

बरं, ताणाने सगळंच पुसलं जातं म्हणावं, तर तेही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी मी कुठे अडकले होते हे मला पायातल्या चपलेच्या तुटलेल्या अंगठ्यासकट आठवतं. कुठल्याही मुंबईकराला विचारा, तो गुडघाभर पाण्यापासून सुरुवात करून छातीभर पाण्यापर्यंत थांबत नाही. प्रसंग घडत असताना ताणाची संप्रेरकं अमिग्डाला या मेंदूतल्या भावनांच्या केंद्राला हाताशी धरून त्याची आठवण घट्ट करतात. सासूबाई माझ्या पहिल्या पुरणपोळीला काय म्हणाल्या, हेही त्याच खात्यात जमा आहे, सव्याज. अडचण असते ती आधीच साठवलेलं बाहेर काढताना. ठेव सुरक्षित, पण पैसे काढायची खिडकी बंद.

ही खिडकी माझ्यावर बंद झाली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. आमच्या लेडीज डब्यात दर जानेवारीत हळदीकुंकू होतं. हँडलांना तिरंगी पताका, तिळगूळ, वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा किंवा गाळणं. आणि उखाणे. बदामवाल्या काकू स्वभावाने प्रेमळ. मला तयारीला वेळ मिळावा म्हणून त्यांनी प्लॅटफॉर्मवरच सांगून ठेवलं, "आज तुझ्यापासून सुरुवात हं. घाटकोपर सुटलं की."

जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये माणसांना शास्त्रशुद्ध ताण देण्याची एक चाचणी तयार झाली. थोडा वेळ तयारीला द्यायचा, मग परीक्षकांसमोर पाच मिनिटं भाषण करायला लावायचं, मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करायला सांगायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षकांनी चेहरा निर्विकार ठेवायचा. कॉर्टिसॉल हमखास वाढतं. मला त्या परीक्षकांचं कौतुक वाटलं नाही. निर्विकार चेहऱ्यांसमोर कुणीही बोलेल. माझ्यासमोर पैठण्या नेसलेल्या, हसायला टपलेल्या बायका होत्या आणि निम्म्या जणींचे मोबाइल व्हिडिओवर होते.

उखाणा मी स्वतः रचला होता. गाडी यायला आणि घाटकोपर मागे पडायला मिळून चांगला अर्धा तास गेला. मी उभी राहिले.

"चौथी सीट मिळाली, खिडकीचा वारा लागेना..."

"वा!"

पुढची ओळ होती: अमुकरावांशिवाय माझा एकही दिवस जाईना. तो अमुक गेला. पंचवीसेक वर्षांच्या संसारात ज्या तीन अक्षरांनी मी गॅसची पावती फाडली, मुलाचे शाळेचे फॉर्म भरले, ती तीन अक्षरं साफ नाहीशी. चेहरा समोर, पोट समोर, टॉवेल पलंगावर टाकण्याची पद्धत समोर. नाव नाही. "अगं, घे ना नाव!" डबा ओरडला. आणि त्या शांततेत वरच्या स्पीकरमधली बाई सुस्पष्ट आवाजात म्हणाली, "पुढील स्टेशन, कुर्ला."

"कुर्लारावांचं नाव घेते!" मागून कुणीतरी किंचाळलं आणि डबा कोसळला.

उंदरांचं याहून वेगळं नसतं. स्मृतीचे अभ्यासक जेम्स मॅकगॉ यांच्या गटाने पाण्यात दडवलेला ओटा शोधायला उंदरांना शिकवलं, मग परीक्षेआधी पायाला विजेचा हलका झटका दिला. हा प्रयोग १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये आला. झटका दोन मिनिटं आधी दिला तर उंदरांना ओटा आठवला, चार तास आधी दिला तरी आठवला. अर्धा तास आधी दिला, तेव्हा मात्र ते गोंधळले. दोन वर्षांनी माणसांना कॉर्टिझोनची (शरीरात त्याचं कॉर्टिसॉलच होतं) गोळी देऊन पाठ केलेले शब्द विचारले, तिथेही आठवण्यात घट झाली. काकूंनी आयत्या वेळी उभं केलं असतं तर मी नवऱ्याचं नाव आडनावासकट घेतलं असतं. घात केला तो त्यांच्या चांगुलपणाने. मी त्यांना तसं समजावूनही सांगितलं. त्यांनी बदाम पुढे केले.

नाव आलं ते ऑफिसात, दुपारचा डबा उघडताना, आणि मी ते मोठ्याने उच्चारलं. शेजारच्या टेबलावर त्याच नावाचा एक नवा मुलगा बसतो. तो आपली पोळी घेऊन उठून उभा राहिला.

घरी मी हे कळू देणार नव्हते, पण व्हिडिओ माझ्याआधी मुलुंडला पोचला होता. यांनी तो पाहिला, चहा संपवला आणि म्हणाले, "कुर्ला ठीक आहे गं. विद्याविहार आलं असतं तर?"

"फास्ट होती अहो," मी म्हटलं. "विद्याविहारला थांबत नाही."