‘घरात बसून सांगणं सोपं असतं’ म्हणणाऱ्या वाचकाला

‘टवाळखोरीची तक्रार तोंडी नको, लेखी करा’ या माझ्या मागच्या लेखावर ‘जुना नाशिककर’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली. ती अशी: “अहो बाई, घरात बसून लोकांना तक्रारी करायला सांगणं सोपं असतं. कट्ट्यावर बसणारी पोरं म्हणजे गुंड नव्हेत. त्यांना ना मैदान आहे, ना काम. एकदा पोलिसांच्या वहीत नाव चढलं की पोराचं आयुष्य जातं. आणि कलमंही जुनीच लिहिलीत.”

शेवटचं आधी. कलमाची चूक माझीच. शांतता राखण्यासाठी बंधपत्र, म्हणजे लेखी हमी, घेण्याची कारवाई ‘कलम 107’ खाली होते असं मी लिहिलं. ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे आणि तिच्यात तीच तरतूद कलम 126 मध्ये आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिलंत, आभार.

आता पहिलं वाक्य. महापालिकेच्या शाळेत 29 वर्षं पोरांनी मला ‘बाई’ म्हटलं, त्यामुळे त्या शब्दाचं मला काही नाही. पण तुमचं ‘अहो बाई’ वेगळं आहे, आणि ते तुम्हालाही माहीत आहे. समोरच्या माणसाने काय केलंय याची चौकशी न करता त्याला गप्प बसवायचा तो सूर आहे. म्हणून सांगते, मी घरात बसून काय केलं ते.

वडील नाशिकमध्ये सातपूरच्या कारखान्यात होते. सिडकोच्या योजनेत घर मिळालं तेव्हा मी चौथीत होते. आमच्या गल्लीच्या टोकाला बागेसाठी राखून ठेवलेला भूखंड आहे. बाग झाली नाही. 2016 च्या सुमारास तिथे रोज रात्री टोळकं बसायला लागलं. दारू, बाटल्या फोडणं, सायलेन्सर काढलेली बुलेट गल्लीतून चार चार वेळा फिरवणं, रात्री बाराला भर रस्त्यात वाढदिवस आणि फटाके. क्लासवरून येणाऱ्या मुली लांबच्या रस्त्याने वळसा घालून घरी यायला लागल्या. ज्या दिवशी माझ्या भाचीने वळसा घातला, त्या दिवशी मी 100 ला फोन लावला.

गाडी आली. पण गाडीतल्या अंमलदाराने खाली उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “फोन कोणी केला होता? वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ना?” तिसऱ्या दिवशी माझ्या स्कूटीची सीट ब्लेडने फाडलेली होती आणि पेट्रोलची नळी उपटलेली. सिडकोत गाडीचं काय होऊ शकतं हे तुम्ही जुने नाशिककर असाल तर मी सांगायला नको. काचा फोडलेल्या आणि जाळलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण किती वर्षं वाचतोय! त्या रात्री मी झोपले नाही. मिस्टर म्हणाले, सोडून दे. सासूबाई म्हणाल्या, आपल्याला काय करायचंय.

मी सोडलं नाही. अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या. चौदा घरांपैकी अकरा घरांनी सह्या केल्या आणि दोन दिवसांत तिघांनी मागे घेतल्या. पहिल्या वेळी पोलीस चौकीत साहेब नव्हते. दुसऱ्या वेळी “मॅडम, पोरं आहेत, तुम्हीच समजावा.” तिसऱ्या वेळी अर्ज घेतला, पण पोहोच द्यायला तयार नव्हते. तिथे बाकड्यावर दीड तास बसून राहिले, तेव्हा शिक्का आणि आवक क्रमांक मिळाला. ती प्रत अजून कपाटात आहे. सात महिन्यांनी भूखंडावर दिवा लागला, रात्रीची गस्त सुरू झाली आणि टोळकं उठलं. पुढच्या गल्लीत जाऊन बसलं, हेही लपवत नाही.

याला तुम्ही ‘घरात बसून’ म्हणता? तुम्ही स्वतः कधी चौकीची पायरी चढलात का, हे मला खरोखर विचारायचं आहे. टोपणनावाने दुसऱ्याच्या हिमतीचं माप काढणं ही कुठली रीत? मी माझ्या नावाने लिहिते, माझ्या घराच्या दारावर पाटी आहे आणि ज्यांच्याविरुद्ध लिहिलं त्यांना माझं घर माहीत आहे.

तक्रार करणाऱ्याला भीती वाटते, हे मी नाकारलेलं नाही. कायद्यानेही ते गृहीत धरलंय. महाराष्ट्र पोलीस कायदा, 1951 च्या कलम 56 मध्ये तडीपारीची तरतूद आहे. साक्षीदार जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, ही गोष्ट त्या कलमातच लिहिलेली आहे. आवाजाच्या बाबतीत तर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट सांगितलं की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख पटवून न मागता कारवाई करावी आणि त्याचं नाव आवाज करणाऱ्याला कळू देऊ नये. म्हणजे माझ्या गल्लीत त्या रात्री झालं ते होता कामा नये, हे आता न्यायालयाचंच म्हणणं आहे. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत स्पीकर लागला तर 112 ला फोन करा आणि ‘माझं नाव तिकडे सांगू नका’ हे फोनवरच बजावा, असं मी लिहिलं होतं. ती ओळ तुम्ही वाचलीत की नुसतं शीर्षक पाहून लिहायला बसलात?

बाकी मुद्दे. मैदान नाही, काम नाही. असेल. तो महापालिकेचा आणि सरकारचा विषय आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. पण मैदान नाही म्हणून कोणाच्या मुलीने वळसा का घालायचा? आणि पोलिसांच्या वहीचं म्हणाल, तर अदखलपात्र नोंद म्हणजे शिक्षा नव्हे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपासही करता येत नाही. पण तीच नोंद पुढे वारंवार त्रास देणाऱ्यावर बंधपत्राची कारवाई करायला उपयोगी पडते, आणि म्हणूनच मी लेखी करा म्हणते. सगळ्या पोरांना मी गुंड म्हटलेलं नाही. त्या टोळक्यातले दोघे माझ्याच वर्गातले होते, त्यांच्या वह्या मी तपासल्यात. पोरांची काळजी काय असते हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. हे वाक्य जरा कडक झालं, पण ते खोडत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने सांगते, कारण ती मला मनापासून वाटते. ऑक्टोबर 2025 मध्ये ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असं पोलिसांनी संशयितांकडून वदवून घेतलेल्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. कॅमेऱ्यासमोर हात जोडलेला माणूस पाहून माझ्या गल्लीतली भाची सरळ रस्त्याने येईल असं मला वाटत नाही. मला हवंय ते याहून साधं आहे. रात्री अकराला फोन केला तर गाडी यावी, फोन करणाऱ्याचं नाव गाडीतून खाली पडू नये, आणि दुसऱ्या दिवशी अर्ज दिला तर पोहोच न भांडता मिळावी. गाडी जळाल्यावर गुन्हा दाखल होतो, सगळे धावतात. त्याआधीची सहा महिन्यांची टवाळखोरी मात्र कोणाच्याच कागदावर नसते.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. त्या भूखंडावर गेल्या महिन्यापासून पुन्हा बाटल्या दिसायला लागल्यात. नवा अर्ज लिहून झालाय, सात सह्या आहेत. सोमवारी सकाळी साडेदहाला मी तो घेऊन चौकीत जाणार आहे. तुम्हाला यायचं असेल तर खऱ्या नावाने कळवा, तोपर्यंत अर्जावरच्या सह्या बंद करत नाही.