“शाळांवर पैसा कशाला, मोबाईल आहे की” म्हणणाऱ्यांना

गेले आठ-दहा दिवस एक मेसेज फिरायलाय. आधी तालमीच्या ग्रुपवर आला, मग कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखानदारांच्या ग्रुपवर, परवा बायकोच्या माहेरकडनं फिरून परत माझ्याकडंच आला. म्हणणं थोडक्यात असं की सरकार शाळांवर पैसा उधळतंय, सगळा मास्तरांच्या पगारात जातोय, दहा-दहा पोरांसाठी शाळा चालवायची गरज काय, आता यूट्यूब आहे एआय आहे, प्रत्येक पोराला टॅब द्या आणि शाळा बंद करा, टेक्नॉलॉजी कंपन्यांनी आणली त्यात सरकारचा काय संबंध, आणि दुसऱ्याच्या पोरांचा खर्च आम्ही टॅक्सवाल्यांनी का उचलायचा. आणि खाली शाहू महाराजांचा फोटो लावून लिहिलंय, आज महाराज असते तर त्यांनी टॅबच वाटले असते.

तो फोटो बघितला आणि गप्प बसवंना म्हणून लिहायलोय. मी काय प्राध्यापक नाही. उद्यमनगरात माझं जॉबवर्कचं छोटं शॉप आहे, दोन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीनं, आणि एक जुना हातानं चालवायचा लेथ. शिकलो महापालिकेच्या शाळेत, मग आयटीआयला टर्नर केलं. माझी ताई गगनबावड्याच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. म्हणजे शाळा पण घरात आणि मशीन पण घरात, त्यामुळं दोन्हीकडचं थोडंफार कळतं.

तर पहिला मुद्दा, मोबाईल आहे मग शाळा कशाला.

हे आपण करून बघितलंय की, विसरलो काय? मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या आणि दीड-दोन वर्षं सगळं शिक्षण मोबाईलवर गेलं. ताईच्या गावात तेव्हा रेंज फक्त देवळामागच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर यायची. पोरं पावसात इरलं घेऊन टेपावर बसायची, तिघांत एक फोन, आणि तो फोन पण बापाचा, बाप कामावर गेला की फोन पण गेला. शेवटी ताईनं कोल्हापुरातनं झेरॉक्स काढून नेल्या आणि घरोघरी वाटल्या, आठवड्यानं जाऊन तपासून परत नवीन दिल्या. म्हणजे ऑनलाइन शिक्षणाच्या काळात त्या वाडीत जे काय शिक्षण झालं ते कागदावर आणि ताईच्या पायावर झालं.

हे एका वाडीचं झालं म्हणाल, तर देशाचा आकडा बघा. ‘असर’ म्हणजे ‘प्रथम’ संस्थेचा शिक्षणाचा सर्व्हे, तो खेड्यातल्या पोरांच्या घरी जाऊन होतो, कोरोनात तेवढा फोनवर झाला. शाळेत जाणाऱ्या ज्या पोरांच्या घरात स्मार्टफोन आहे अशांचं प्रमाण २०१८ ला साधारण ३६ टक्के होतं, २०२१ ला ते ६७ टक्क्यांवर गेलं. म्हणजे फोन जवळजवळ डबल झाले. आणि वाचन? सरकारी शाळेतल्या तिसरीच्या पोरांपैकी दुसरीचा धडा वाचता येणारी २०१८ ला २०.९ टक्के होती, २०२२ ला १६.३ वर आली. फोन वाढले आणि वाचणारी पोरं कमी झाली. मग शाळा नीट सुरू झाल्या, आणि २०२४ ला तोच आकडा २३.४ झाला, २०१८ च्या पण वर. हे चांगले आकडे आहेत असं मी म्हणत नाही, चारातल्या तीन पोरांना अजून नीट वाचता येत नाही ही काळजीचीच गोष्ट आहे. पण फोन घरातच होते, ते कुठं गेले नव्हते. मधी बंद पडली होती ती शाळा, आणि पोरं वर आली ती शाळा उघडल्यावर.

माझ्या शॉपमधलं सांगतो. दोन वर्षांमागं एक पोरगं कामाला आलं, हुशार, यूट्यूब बघून प्रोग्रामिंग शिकलेलं, मशीनला हुकूम द्यायचा जी-कोड तोंडपाठ. मला वाटलं लॉटरी लागली. पहिल्याच दिवशी बोअरचं माप घ्यायला सांगितलं तर मायक्रोमीटर असा आवळला जसा नळ बंद करतोय. झिरो एरर, म्हणजे माप घ्यायच्या आधी साधन शून्यावर आहे का, ते बघायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं, कारण व्हिडिओत ते दिसतं पण हाताला लागत नाही. मशीनला टूलची जागा सांगणारा आकडा, ऑफसेट, चुकला, टूल जॉबमधी घुसलं, टूलचं पातं गेलं, चार पीस रिजेक्ट. मी रागावलो नाही, कारण माझ्या आयटीआयच्या सरांनी मला पहिले पंधरा दिवस नुसतं माप घ्यायला लावलं होतं, मायक्रोमीटरच्या रॅचेटचा टकटक आवाज ऐक म्हणायचे, जोर लावू नको, आणि चुकलं की हातावर हात ठेवून फिरवून दाखवायचे. तसं कुणी त्याच्यासाठी केलंच नव्हतं. मग ते मी केलं, दोन महिने. आज तो माझा सगळ्यात चांगला सेटर, मशीन लावून देणारा, आहे आणि अजून पण यूट्यूब बघतो, आणि आता त्याला त्यातलं कळतं. मी व्हिडिओच्या विरोधात नाही हो, मी स्वतः रात्री बसून नवीन कंट्रोलरचे व्हिडिओ बघतो. पण मला ते कळतात कारण कुणीतरी आधी पाया घातलाय, आणि तो पाया सरकारी पैशानं घातला गेलाय.

आता टॅब वाटा म्हणणारे. हे पण करून झालंय, आणि लय मोठ्या प्रमाणावर. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं आठ लाखांहून जास्त लॅपटॉप पोरांना वाटले, गरीब खेड्यांपर्यंत. २०१२ ला त्याचा अभ्यास बाहेर आला तर गणितात आणि भाषेत काहीही फरक दिसला नाही. पोरांना लॅपटॉप चालवायला आला, विचारशक्तीच्या चाचण्यांत थोडा फरक पडला, पण अभ्यासात नाही.

पेरू लांब पडत असेल तर वारणेला या. १९९८ साली वारणा खोऱ्यातली सत्तर गावं कॉम्प्युटरनं जोडायचा प्रोजेक्ट झाला, देशभर गाजला, आणि त्यातला बराचसा पैसा केंद्र आणि राज्य सरकारचा होता. गावात बूथ, बूथवर कॉम्प्युटर. शेतीची माहिती, शिक्षण, आरोग्य, सगळं त्यावर मिळणार असं ठरलं होतं. प्रत्यक्षात शेतकरी बूथवर मुख्यतः उसाच्या हिशेबासाठी जायचा, किती टन गेला, बिल किती. कारण त्या कामाला मागं साखर कारखान्याची सगळी यंत्रणा उभी होती, रोज बसणारा माणूस होता. पुढं काही वर्षांनी कॉम्प्युटर जुने झाले आणि सात गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून बघितलं, आणि चाललं. मला यात वारणेला नावं ठेवायची नाहीत, त्या काळात असं करायला धाडस लागत होतं. माझं म्हणणं एवढंच की डबा ठेवला म्हणून काम होत नाही. जिथं माणूस आणि यंत्रणा होती तिथं टेक्नॉलॉजी टिकली, जिथं नुसतं यंत्र होतं तिथं धूळ बसली. शाळेचं पण तेच आहे. आणि टॅब फुटल्यावर, बॅटरी गेल्यावर दुरुस्तीचं बिल कोण देणार यावर त्या मेसेजमधी एक अक्षर नाही.

दहा पोरांसाठी शाळा कशाला, हा मुद्दा शहरात बसून पटतो, मान्य आहे, मला पण एकेकाळी पटला होता. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या हजारो शाळा आहेत आणि २०२३ ला त्या एकत्र करून समूह शाळा करायचं सरकारनं काढलंच होतं. पण त्या शाळा कुठं आहेत बघा. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, चंदगड, गगनबावडा, धनगरवाडे, डोंगरातल्या वाड्या. पट कमी आहे कारण वाडीच तेवढी आहे. ताईच्या शाळेपासनं पुढची शाळा चार किलोमीटर, मधी ओढा. जुलैमधी गगनबावड्याचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, त्या ओढ्यातनं सहा वर्षांची पोरगी कशी जाणार? शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे असं आहे ते ह्यासाठीच. शाळा लांब गेली की पोरगा कसाबसा जातो, पोरीचं नाव आधी कमी होतं. ताईनं हे डोळ्यानं बघितलंय.

पगाराचं. होय, शिक्षणाच्या खर्चातला मोठा भाग पगारात जातो, खोटं कशाला बोलू. दवाखान्याचा खर्च डॉक्टर-नर्सवर होतो तसा शाळेचा शिक्षकावर होणार. काही मास्तर कामचुकार आहेत हे पण खरं, त्यांच्यावर कारवाई करा, मी पाठीशी आहे. पण जे राबतात त्यांचा वेळ कुठं जातो ते तरी बघा. ताई सांगते, मतदार याद्या, सर्वेक्षणं, खिचडीची रोजची नोंद ॲपवर, युडायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर शाळेची आणि पोरांची माहिती, कार्यक्रम झाला की फोटो काढून अपलोड करा, आणि रेंज नसली की संध्याकाळी गाडीवरनं खाली येऊन भरा. टेक्नॉलॉजीनं तिचं काम कमी नाही झालं, वाढलं. टेक्नॉलॉजीच पाहिजे असेल तर आधी हे एका जागी एकदाच भरायची सोय करा, रोज तासभर तरी पोरांना परत मिळेल.

आणि ज्या मास्तरांना हा मेसेज फुकट खाणारे म्हणतो, त्यातल्याच एकानं पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी, तेव्हा जिल्हा परिषदेचे शिक्षक, २०२० चा ग्लोबल टीचर प्राईझ त्यांना मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. टॅब वाटा म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. शाळेत टेक्नॉलॉजी कशी घालायची हे वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला सुचलं.

टेक्नॉलॉजी कंपन्यांनी आणली सरकारनं काय केलं, हे वाचून तर मला खरंच वाईट वाटलं, कारण तो मेसेज मराठीत टाइप केलेला होता. देवनागरी कॉम्प्युटरवर कशी आली माहीत आहे का? त्यावरचं सुरुवातीचं मोठं काम आयआयटी कानपूरला झालं, सरकारी संस्था. पुढं तेच पुण्याच्या सी-डॅकमधी वाढलं, १९८८ ला सुरू झालेली, ती पण सरकारी. त्यातनं भारतीय अक्षरांना कॉम्प्युटरचे नंबर द्यायचं इस्की नावाचं स्टँडर्ड ठरलं, आणि आज आपण ज्या जगभरच्या युनिकोड स्टँडर्डमधी लिहितो त्यातली देवनागरीची मांडणी त्याच इस्कीवरनं घेतलीय. जगभराच्या फोनमधी मराठी दिसते त्याच्या मुळाशी आपल्या टॅक्सचा पैसा आणि सरकारी पगारावरची माणसं आहेत. इंटरनेटचं पण तसंच, अमेरिकेत १९६९ ला संरक्षण खात्याच्या पैशातनं अर्पानेट सुरू झालं. वेब निघालं युरोपातल्या सर्न या देशांच्या वर्गणीवर चालणाऱ्या प्रयोगशाळेत, आणि १९९३ ला त्यांनी ते सगळ्यांना फुकट दिलं. आपल्याकडं लोकांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं. जीपीएस अमेरिकन लष्कराचं. कंपन्यांनी त्यावर चांगलं काम केलं, स्वस्त केलं, घराघरात नेलं, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे. पण पंधरा-वीस वर्षं परतावा मिळणार नाही अशा कामात पैसा घालायला कुठला मालक तयार होतो? मी तर होणार नाही, माझा बँकेचा हप्ता दर महिन्याला असतो. ते सरकारच करू शकतं, आणि ते करणारी माणसं तयार होतात शाळा-कॉलेजात.

टॅक्सचं एका वाक्यात सांगतो. इन्कम टॅक्स न भरणारा पण टॅक्स भरतो, टेपावर बसलेल्या त्या पोराच्या बापानं फोन घेतला तेव्हा टॅक्स दिला आणि दर रिचार्जला अजून १८ टक्के जीएसटी देतोय. आणि उधळपट्टीचं म्हणाल तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा असं कोठारी आयोगानं १९६६ ला सांगितलं, २०२० च्या धोरणात परत तेच लिहिलं, आणि आपण अजून तिथं पोचलेलो नाही. जे कधी दिलंच नाही ते उधळलं कसं?

राहिले महाराज. शाहू महाराजांना मशीन कळत नव्हतं असं नाही, शाहू मिल त्यांनी काढली, राधानगरीचं धरण त्यांनी हातात घेतलं. नवीन तंत्राला घाबरणारा राजा नव्हता तो. आणि तरी १९१७ ला त्यांनी हुकूम काढला तो सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा. त्या काळात पण छापखाने होते की, पुस्तकं वाटून मोकळं होता आलं असतं. त्यांनी शाळा काढल्या, शिक्षक नेमले, लांबनं येणाऱ्या पोरांना राहायला बोर्डिंगं काढली, आणि पोरगं शाळेत पाठवलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला. दंडाचं लक्षात घ्या. पोरगं आलं नाही हे कुणीतरी बघितल्याशिवाय दंड होत नाही.

गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांत ताईच्या शाळेतली दुसरीची एक पोरगी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर ताई छत्री घेऊन तिच्या घरी गेली. आई रोप लावायला गेलेली, पोरगी धाकट्या भावाला सांभाळत दारात बसलेली, दप्तर खुंटीला. ताई आई येईपर्यंत थांबली, अंधार पडला. दुसऱ्या दिवसापासनं पोरगी भावाला कडेवर घेऊन यायला लागली, आणि वर्गाच्या कोपऱ्यात ताईनं घरनं नेलेली गोधडी टाकलेली होती.