एकजुटीने कमी पगारवाढ कशी घ्यावी

शेजारच्या देशांतल्या कामगार संघटनांशी पगारवाढीबाबत समन्वय साधायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन! पद मोठं, प्रवासभत्ता बरा आणि अंगाशी येण्यासारखं काही नाही. फक्त रीत पाळा.

आधी सूत्र मंजूर करून घ्या. नवं शोधायला नको. सप्टेंबर 1998 मध्ये नेदरलँड्समधल्या डोर्न इथे बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि जर्मनीच्या संघटनांनी ते ठरवून ठेवलंय: पगारवाढ किमान महागाई अधिक उत्पादकतेतली वाढ एवढी हवी. युरो तोंडावर आला होता. चलनाचं अवमूल्यन करण्याची सोय गेली, की शेजाऱ्यापेक्षा स्वस्त व्हायला पगारच उरतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. सूत्र मोडलं तर दंड काय, हे मात्र त्यात नाही. ही जागा तशीच रिकामी राहील याची काळजी घ्या.

आता गणित. महागाई 2 टक्के, उत्पादकता दीड टक्का, म्हणजे साडेतीन टक्के हवेत. तुम्ही 4.2 टक्क्यांवर सही करा आणि फटाके वाजवा. कराराची मुदत 27 महिने आहे आणि पहिले तीन महिने वाढ शून्य, हे खाली बारीक अक्षरात येऊ द्या. कुणी भागाकार केलाच, तर वर्षाला 1.9 टक्क्यांच्या आसपास निघतं; पण विजयसभेत भागाकार कोण करतो? जोडीला एकरकमी रक्कम घ्या. ती मूळ पगारात मिसळत नाही, त्यामुळे पुढची वाढ तिच्यावर मोजली जात नाही. फोटो मात्र छान येतो.

तरीही तूट दिसली तर प्रशिक्षण, लवकर निवृत्ती आणि कामाचे कमी तास यांची किंमत लावून ती भरून काढा. धातुउद्योगातल्या संघटनांच्या युरोपीय महासंघाने 1998 मध्ये केलेल्या नियमात उत्पादकतेचा वाटा अशा रूपात घ्यायला मुभा होतीच. मुभा चांगल्या हेतूने दिली होती, म्हणून तर ती इतकी कामाची.

शेजारच्या संघटनेचा निरीक्षक वाटाघाटींना जरूर बोलवा. त्याला मोठ्या दालनात, पहिल्या रांगेत बसवा. खरा सौदा पहाटे तीन वाजता बाजूच्या खोलीत चौघांत होतो, तिथे खुर्च्या कमी असतात. आकड्यांचा तक्ता त्याला अगत्याने पाठवा, पण सही झाल्यावर.

तुमच्या कमी वाढीचं पुढे काय होतं, याची चिंता नको. बेल्जियममध्ये 1996 च्या कायद्याने पगारवाढीची मर्यादा जर्मनी, फ्रान्स आणि नेदरलँड्समधल्या अपेक्षित वाढीला बांधली. म्हणजे तुम्ही जर्मनीत हात आखडता घेतलात, की बेल्जियममधल्या मालकाला भांडावंही लागत नाही. तो तुमचाच आकडा दाखवतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते हेच, पण अहवालात त्याला ‘परस्पर माहितीची देवाणघेवाण’ म्हणा.

कुणी विचारलं, की युरोपीय कायद्यानेच हे का बांधून घेत नाही, तर युरोपीय संघाच्या कारभारविषयक कराराचं कलम 153 (5) पुढे करा: पगार, संघटना-स्वातंत्र्य आणि संप हे विषय त्या कलमाच्या कक्षेबाहेर. आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांतल्या युरोपीय कामगार परिषदा? त्यांना माहिती मिळवायचा आणि सल्लामसलतीचा हक्क आहे, सौद्याचा नाही. जेवण उत्तम असतं म्हणतात.

खलाशांचा विषय मात्र शक्यतो निघू देऊ नका. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ 2003 पासून जहाजमालकांच्या प्रतिनिधींसमोर एकाच मंचावर बसून अनेक देशांच्या खलाशांचे पगार ठरवतो. वर त्याचे निरीक्षक बंदरात जहाजावर चढून पगाराचे कागद तपासतात. असले निरीक्षक आपल्याकडेही नेमावेत असा ठराव आलाच, तर तो उपसमितीकडे पाठवा. उपसमितीत सात भाषांचे लोक घ्या आणि दुभाषे दोन.