तासाला किती पडलं?

आज परत तेच झालं, मी एका व्हिडिओ गेमबद्दल बोलायला गेलो आणि मित्रांनी त्याचा तासाचा भाव काढला. आणि आज मी लिहिणारच आहे, कारण तिथे चहाच्या टेबलावर बोलायला गेलं की कोणी वाक्य पूर्ण करू देत नाही.

आम्ही पाच जण, कॉलेजपासूनचे, दर शनिवारी संध्याकाळी सिंहगड रोडला अमृततुल्यवर भेटतो. नोकऱ्या, पोरंबाळं, ईएमआय हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत उरकतं आणि मग कोणीतरी विचारतं, काय खेळतोयस सध्या? खरं सांगतो, आठवडाभर मी या एका प्रश्नाची वाट बघत असतो. घरात गेमविषयी बोलायला कोणी नाही, ऑफिसमध्ये तर सोयच नाही, रात्री पोरगी झोपली की साडेदहा ते बारा एवढाच काय तो वेळ मिळतो आणि त्यात जे काही बघितलेलं असतं ते कोणालातरी सांगायचं असतं. बास, एवढंच.

तर आज मी म्हणालो, अ शॉर्ट हाईक नावाचा गेम संपवला. पुढचं वाक्य तोंडात होतं तेवढ्यात प्रश्न आला, किती तासांचा? म्हटलं दीड-दोन. केवढ्याला घेतलास? सांगितलं. विचारणाऱ्या भाईने खिशातून मोबाईल काढला, कॅल्क्युलेटर उघडला, भागाकार केला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली, बघ, तासाला एवढे पडले तुला, मला विचर ३ हा गेम तासाला पाच रुपयाने पडलाय! बाकीचे तिघं हसले, एकाने मान डोलावली, विषय संपला.

अरे काय विषय संपला? मी अजून सुरूच कुठे केलं होतं! मंडईत कांद्याचा भाव विचारावा तसा तुम्ही गेमचा भाव काढणार आणि त्यावरून ठरवणार की मी जे खेळलो ते चांगलं की वाईट?

त्या गेममध्ये क्लेअर नावाची एक पक्षीण आहे, एका बेटावर सुट्टीला आलेली, तिला एक महत्त्वाचा फोन येणारे आणि बेटावर रेंज नाही, म्हणून ती डोंगराच्या टोकापर्यंत चढून जाते. गोष्ट एवढीच. वाटेत सोन्याची पिसं मिळतात, जेवढी पिसं जास्त तेवढं उंच चढता येतं, मधेच कोणी मासे धरायला शिकवतं, कोणी शर्यत लावतं, आणि कुठल्याही कड्यावरून उडी मारून पंख पसरले की सगळं बेट खालून हळूहळू सरकत जातं. कॅनडातल्या एका माणसाने २०१९ मध्ये जवळजवळ एकट्याने केलेला गेम आहे हा आणि इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र गेम्सच्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये (आयजीएफ) २०२० चं सगळ्यात मोठं बक्षीस त्याला मिळालंय. मी टोकावर पोचलो तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. वर काय होतं ते सांगणार नाही, ज्याने त्याने खेळून बघा. पण मी कंट्रोलर खाली ठेवला, दिवा बंद करून नुसता बसून राहिलो आणि सकाळी उठल्या उठल्या पहिला फोन गावाला आईला केला. हे मला सांगायचं होतं रे! हे कुठल्या भागाकारात बसतं?

आणि पुढचं ऐका. दुसरा म्हणतो, दोन तासांच्या आत संपला ना, मग रिफंड घेऊन टाक, मी तर असे तीन गेम फुकटात संपवलेत. अभिमानाने सांगतोय! स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानाचा नियम आहे की घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. नियम चांगलाय, गेम चालतच नसेल, आवडला नसेल तर परत करा ना, कोण नाही म्हणतंय. पण पूर्ण खेळून, शेवट बघून, मग परत? २०२१ मध्ये एका छोट्या हॉरर गेमच्या डेव्हलपरने याच कारणाने उघडपणे सांगितलं होतं की लोक गेम संपवतात, चांगला रिव्ह्यू लिहितात आणि रिफंड घेतात, त्यामुळे आता मी थांबतो. कारण काय तर त्याचा गेम दोन तासांपेक्षा लहान होता. मी विचारलं, आत्ता जो चहा प्यायलास त्याचा रिकामा कप दाखवून पैसे परत मागशील का? तर म्हणे चहा वेगळा. कसा वेगळा ते मात्र सांगता आलं नाही.

सगळ्यात जास्त कुठलं खटकतं सांगू? हेच पाच जण आम्ही, २००५-०६ च्या आसपास सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून खेळायचो. तेव्हा खरोखर तासाचे पैसे लागायचे! तिथे तर प्रत्येक मिनिटाला मीटर पडत होता, पण कधी कोणी म्हणाला नाही की व्हाइस सिटी या गेममध्ये मला मिनिटाला किती पडले. दोघांच्यात एक पीसी घ्यायचो, एक खेळायचा आणि बाकीचे खुर्चीमागे उभे राहून ओरडायचे. मोस्ट वॉन्टेड या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये आपली ती निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू सुरुवातीलाच रेझर नावाचा व्हिलन हिसकावून घेतो ना, त्याच्यावर किती राग होता आम्हाला, अक्षरशः माणूस असल्यासारख्या शिव्या घालायचो त्याला. कॅफेतून बाहेर पडून बसस्टॉपपर्यंत चालताना तुलना चालायची की पोलीस कोणाचे जास्त डेंजर, मोस्ट वॉन्टेडचे की व्हाइस सिटीचे, आणि ती बस येऊन निघून गेली तरी संपायची नाही. तुलना त्याला म्हणतात! आता सगळे कमावतात, गेम स्वतःचा, मशीन स्वतःचं, आणि आता तासाचा हिशोब सुचतोय.

तुलनेला माझा विरोध नाहीये हे परत एकदा सांगतो, कारण उद्या हेच म्हणतील की तुला तुलनाच आवडत नाही. उलट मला तीच करायची असते. गेल्या महिन्यात मी हॉलो नाइट खेळत होतो आणि त्याच वेळी आमच्यातल्या एकाने एल्डन रिंग सुरू केला होता. माझ्या डोक्यात काय काय चाललं होतं! म्हणजे बघा, विचर ३ मध्ये कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर ठिपक्यांची रेघ येते, ती धरून चालत राहायचं, वर कुठलं काम बाकी आहे त्याची यादी पण असते. एल्डन रिंगमध्ये यादीच नाही, विसाव्याच्या जागेवरून एक सोनेरी प्रकाशाची झुळूक कुठल्यातरी दिशेला जाते, तेवढाच इशारा, आणि ती ऐकायची सक्तीसुद्धा नाही. आणि हॉलो नाइटमध्ये तर नवीन भागात गेलं की नकाशाच नसतो. अंधारात चाचपडत फिरायचं, जमिनीवर कागद पडलेले दिसले, कोणाचं तरी गुणगुणणं ऐकू आलं की समजायचं नकाशे काढणारा कॉर्निफर जवळपास आहे, त्याला गाठायचं आणि त्याच्याकडून नकाशा विकत घ्यायचा. तो पण अर्धवट! उरलेला आपण फिरू तसा भरत जातो, तोही लेखणी विकत घेतली असेल आणि बाकावर जाऊन बसलो तरच. आपण नकाशात कुठे उभे आहोत हे दिसायला परत वेगळा होकायंत्राचा चार्म, ताईतासारखा, लावावा लागतो. एका गेमला वाटतं खेळणारा हरवू नये, दुसऱ्याला वाटतं हरवला तरच जागा त्याची होईल. एवढा मोठा फरक आहे, यावर आख्खा शनिवार निघाला असता!

मी हे बोलायला तोंड उघडलं आणि उत्तर आलं, पण तो टू-डी आहे ना?

पुढे बोलायचंच नाही मग.

हा टू-डीवाला वेगळाच प्राणी आहे. याने नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलंय आणि तेव्हापासून याला गेम दिसतच नाही, स्क्रीनच्या कोपऱ्यातला फ्रेम्सचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा आकडा दिसतो. एल्डन रिंग याने चार तासांत सोडला. का? तर पीसीवर ६० फ्रेम्सला लॉक आहे म्हणून, माझा मॉनिटर १४४ चा आहे, पैसे वाया. अरे त्या सुरुवातीच्या हिरव्या माळावर तो सोनेरी घोडेस्वार फिरत असतो, त्याने तुला किती वेळा मारलं, तू त्याला चुकवून गेलास की भिडलास, ते सांग ना! ब्लडबोर्न हा गेम २०१५ पासून ३० फ्रेम्सवर चालतोय, पीसीवर आजपर्यंत आलेला नाही आणि तरी लोक त्याच्यासाठी जीव टाकतात. त्यांना काय डोळे नाहीत? क्लेअर ऑब्स्क्युअर हा गेम आला तेव्हा पण हेच, टर्न बेस्ड, म्हणजे आळीपाळीने वार करायचे, एवढं ऐकलं आणि नाक मुरडलं, शत्रूचा वार अगदी नेमक्या क्षणी परतवायला लागतो त्यात, बोटं घामेजतात, हे ऐकून घ्यायलाही थांबला नाही.

पण हे सगळं एक वेळ सोडून देईन. आउटर वाइल्ड्स या गेमचं मी सोडणार नाही, कधीच नाही.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी फार जपून सांगतो. छोटंसं सूर्यमंडळ, एक लाकडी खोक्यासारखं यान, आणि २२ मिनिटं. त्या २२ मिनिटांचं काय ते तुमचं तुम्हाला कळू दे. या गेममध्ये हत्यार मिळत नाही, लेव्हल वाढत नाही, ताकद वाढत नाही, पहिल्या मिनिटाला जे सामान असतं तेच शेवटपर्यंत. वाढतं ते फक्त आपल्याला कळलेलं. म्हणजे कोणी आधीच सगळं सांगून टाकलं तर गेममध्ये खेळायला काही उरतच नाही, एकदाच खेळता येतो तो, आयुष्यात एकदा. २०२० चा ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांतला बेस्ट गेम उगाच नाही दिला त्याला.

माझा अर्धा झाला होता. मी तीन आठवडे रोज रात्री थोडा थोडा पुरवून पुरवून खेळत होतो. त्यात एक यंत्र आहे, लांबचे आवाज पकडणारं, ते डोळ्याला लावून आकाशात फिरवलं की एका ग्रहावरून बँजो ऐकू येतो, दुसऱ्यावरून बासरी, कुठूनतरी ढोल, आणि ग्रह एका रेषेत आले की ते सगळे मिळून एकच धून वाजवताहेत असं लक्षात येतं. एवढाल्या अंतरावर एकेकटे बसलेले प्रवासी. पहिल्यांदा ते कानावर पडलं तेव्हा यान तसंच तरंगत ठेवून हेडफोन लावून मी दहा मिनिटं काहीच केलं नाही. आणि हे मी मोठ्या कौतुकाने शनिवारी सांगायला घेतलं तर आमच्यातला एक म्हणाला, हां तो गेम ना, बघितलाय मी. मी म्हटलं खेळलास? म्हणे नाही रे, यूट्यूबवर एंडिंगचा व्हिडिओ बघितला पंचवीस मिनिटांचा, दीड स्पीडने, एवढं काही खास नाही, शेवटी काय होतं तर... आणि सांगून टाकलं. मी हात वर केला, थांब थांब म्हणालो, तरी सांगून टाकलं. चहाचा घोट घेता घेता!

मी त्या दिवशी काही न बोलता उठून आलो. नंतर गेम संपवला पण शेवटाला पोचल्यावर जे पोटात हलायला हवं होतं ते हललं नाही, कारण मला माहीत होतं. ते परत मिळणार नाही. आणि त्या माणसाला आजपर्यंत कळलेलं नाही की त्याने नक्की काय केलं, तो अजूनही म्हणतो एका गेमवरून एवढा रुसतोस? वर आपल्या यादीत त्याने तो गेम धरलाय आणि दहापैकी सहा मार्क दिलेत. न खेळलेल्या गेमला सहा मार्क!

आणि राजी. आपल्या पुण्यात बनलेला गेम, नॉडिंग हेड्सचा, २०२० चा. भावाला, गोलूला शोधायला निघालेली मुलगी, हातात दुर्गेचा त्रिशूळ, राजस्थानी महालांसारखे चौक आणि गच्च्या, मधली गोष्ट छायाबाहुल्यांतून सांगितलेली. मी आंधळं कौतुक करत नाहीये, लढाया नंतर नंतर त्याच त्याच होतात, कॅमेरा मधेच दगा देतो, शेवट तुटल्यासारखा वाटतो, हे सगळं मी स्वतःच टेबलावर मांडलं. पण पहिल्या त्या चौकात खांबांवर उड्या मारत फिरताना जे ओळखीचं वाटलं, आपल्या आजीने सांगितलेल्या गोष्टीत शिरल्यासारखं, ते मला दुसऱ्या कुठल्या गेमने दिलेलं नाही. उत्तर काय? गॉड ऑफ वॉरसमोर काहीच नाही रे, आणि पाच तासांत संपतो. अरे शेकडो माणसांनी पाच वर्षं खपून केलेला गेम आणि मूठभर लोकांनी केलेला गेम, यांच्यात तुलना करायचीच असेल तर नीट करा ना, राजीत काय जमलंय, काय फसलंय, का फसलंय ते बोला. एक वाक्य फेकायचं आणि दुसरा कटिंग मागवायचा, याला काय अर्थ आहे?

आत्ता घरी येऊन हे टाइप करतोय तर ग्रुपवर फोटो आलाय. कॅल्क्युलेटरवाल्याचा. त्याच्या नवीन गेमचा स्क्रीनशॉट, ३१२ तास, खाली लिहिलंय पैसा वसूल. मी चिडलेलो होतो तरी मनापासून विचारलं, भाऊ तीनशे बारा तासांत तुला सगळ्यात जास्त काय आवडलं ते सांग, एखादी जागा, एखादं माणूस, कुठलाही एक क्षण. निळ्या टिक आल्या. बराच वेळ टायपिंग दिसत होतं, थांबलं, परत दिसलं. शेवटी आलं, सगळंच भारी आहे रे, मॅप लय मोठा आहे.